टेटूला शेंगा कुणामुळे धरतात?

एखाद्या वटवाघळाची नव्या ठिकाणी नोंद झाली अशी बातमी पेपरात आली की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी ती हमखास पाठवतं आणि खाली विचारतं, "बाई, हे वटवाघूळ आता आपल्याकडे यायला लागलं का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. प्राणी तिथंच होता, बहुधा आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासून. कुणी रात्री तिथं जाऊन नीट पाहिलं नव्हतं, एवढंच. मध पिणाऱ्या वटवाघळांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे.

मी मुळात झाडांची माणूस. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि वटवाघळांकडे वळले ती टेटू नावाच्या एका झाडामुळे. त्या झाडाकडे येतेच, पण आधी त्या वटवाघळाची ओळख करून देते. त्याचं शास्त्रीय नाव इओनिक्टेरिस स्पेलिया. गुहेत राहतं, रात्री बाहेर पडून फुलांमधला मध आणि पराग खातं. तोंड लांबट आणि निमुळतं, जीभ चांगलीच लांब आणि टोकाला केसांसारख्या बारीक काट्यांची, म्हणजे मध त्यात धरून राहतो. जॉर्ज डॉबसन नावाच्या आयरिश लष्करी डॉक्टरनं 1871 मध्ये मोलमेनजवळच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, गुहांतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. तिथून पूर्वेला थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत ते पसरलेलं आहे आणि तिकडे ते अजिबात दुर्मीळ नाही. ड्युरियन या फळाचं तिकडे केवढं प्रस्थ! त्या झाडाला फळ धरायलाही मुख्यतः हेच वटवाघूळ कामी येतं.

भारताचा नकाशा घेतला की मात्र चित्र विचित्र दिसतं. ईशान्येत मेघालय, नागालँड. हिमालयाच्या पायथ्याकडे उत्तराखंड. समुद्रापार अंदमान. आणि मग एकदम खाली, पश्चिम घाट जिथे समुद्राजवळ येतो तिथं, कर्नाटकातलं कुमठा. मधली शेकडो किलोमीटरची जागा जवळजवळ कोरी.

हा कुमठ्याचा ठिपका मला फार महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) एच. आर. भट आणि त्यांचे सहकारी यांनी या वटवाघळाच्या भारतातल्या प्रजननचक्रावर 1980 मध्ये 'मॅमेलिया' या नियतकालिकात लेख लिहिला. विषाणूंची संस्था वटवाघळांच्या मागे का? शिमोगा जिल्ह्यात 1957 मध्ये क्यासनूर जंगलात माकडताप सापडला. माणसाला होणारा हा रोग कुठल्या प्राण्यांत, कुठल्या गोचिडांत राहतो हे शोधायला या मंडळींनी त्या परिसरातली जंगलं वर्षानुवर्षं पालथी घातली. उंदीर, घुशी, पक्षी, वटवाघळं, सगळं तपासलं. आपल्याला त्या भागातल्या वटवाघळांची इतकी माहिती आहे ती त्यातून.

ईशान्येतही असंच. नागालँडमधल्या मिमी या गावात वटवाघळांची वार्षिक पारंपरिक शिकार होते. तिथल्या गुहेतल्या वटवाघळांचा आणि शिकार करणाऱ्या लोकांच्या रक्ताचा विषाणूंसाठी अभ्यास झाला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या इओनिक्टेरिसचे नमुने होते. मेघालयात चुनखडीच्या गुहांमध्ये उतरणारे गुहाशोधक गेली काही दशकं सतत येताहेत, त्यांच्यामागोमाग वटवाघळांचे अभ्यासक. म्हणजे प्रत्येक ठिपक्यामागे कुणालातरी तिथं जायचं काहीतरी निराळंच कारण होतं. कोरी जागा पाहताना हे डोक्यात ठेवावं लागतं. तिथं वटवाघूळ नाही असं तो कागद सांगत नाही. तिथं जायला कुणाला कारण मिळालं नाही, इतपतच त्यातून समजतं.

त्यात हे वटवाघूळ सहज निसटणारं. आपल्याकडे गुहांमध्ये, जुन्या किल्ल्यांच्या भुयारांत, लेण्यांत जी मोठी फळखाऊ वटवाघळं दिसतात ती बहुतेक रूसेटस लेशनॉल्टी. इओनिक्टेरिस याच्यापेक्षा थोडं लहान, पण तसंच तपकिरी, तसंच गुहेत घोळक्यानं लटकणारं, आणि कित्येक ठिकाणी दोघं एकाच गुहेत. खालून बॅटरी मारून हजारो लटकलेल्या अंगांमध्ये कोण कुठलं हे सांगणं अशक्यच. रूसेटसची वसाहत म्हणून लिहून मोकळं होणं सोपं. खात्रीनं ओळखायची खूण एकच आणि ती फार छोटी आहे. वटवाघळाच्या अंगठ्याला नख असतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यानंच ते धरून चढतं. पण आपल्याकडच्या बहुतेक फळखाऊ वटवाघळांच्या तर्जनीलाही, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवर येणाऱ्या बोटालाही, टोकाला एक इवलंसं नख असतं. इओनिक्टेरिसच्या तर्जनीला ते नसतं. बोट नुसतं संपतं.

मी आता वटवाघळाचा कुठलाही फोटो आला की आधी तेच बोट शोधते. केळफुलावर लटकलेलं, शेवरीच्या फुलावर झेपावणारं, कुणाच्या गॅलरीत चुकून शिरलेलं. डोळे फार सुंदर आले असतील, पण पंखाची पुढची कड दिसत नसेल तर माझ्या कामाचा तो फोटो नाही. बहुतेक फोटोंमध्ये नख दिसतंच, आणि पंखांच्या हाडांवर फिकट रेघा असतात, कानांना पांढरी किनार असते. मग ते सायनॉप्टेरस, आपलं नेहमीचं आखूड नाकाचं वटवाघूळ. तेही मध पितं, रूसेटसही पितं. फुलावर दिसलं म्हणून ते खास मधावर जगणारंच, असं धरता येत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. गेल्या काही वर्षांत वटवाघळांच्या नव्या नोंदी भराभर वाढल्या त्या अल्ट्रासाउंड पकडणाऱ्या यंत्रांमुळे. पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी लहान वटवाघळं, घशातून उच्च कंपनांचे आवाज काढतात. यंत्र रात्रभर झाडाला टांगून ठेवलं की सकाळी त्यांची हजेरी मिळते. इओनिक्टेरिस घशातून असे आवाज काढतच नाही. बूनमन, बुमरुंगस्री आणि योवेल या तिघांनी 2014 मध्ये दाखवलं की ही वटवाघळं अंधारात उडताना पंखांनी टिकटिक असा आवाज करतात आणि त्यावरून समोर मोठा अडथळा आहे की नाही हे ओळखू शकतात. केवढी नवलाची गोष्ट! पण हे आवाज इतके क्षीण की जंगलात टांगलेल्या यंत्रावर विसंबून त्यांची नोंद करणं व्यवहारात जमणारं नाही. जाळी लावायची, नाहीतर डोळ्यांनी पाहायचं. जाळी लावायला परवानगी आणि प्रशिक्षण लागतं, आणि लागलंच पाहिजे. त्यात 2022 ची दुरुस्ती येईपर्यंत वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत फळखाऊ वटवाघळं उंदीर आणि कावळ्याबरोबर उपद्रवी प्राणी म्हणून बसवलेली होती. ही मध पिणारी मंडळीही त्याच कुळातली, त्याच यादीत. उपद्रवी ठरलेल्या प्राण्याच्या नोंदी ठेवायला जीव ओतून कोण जाणार? मला याचा आजही राग येतो.

आता झाड. टेटू. आयुर्वेदातल्या दशमुळांतला श्योनाक तो हाच. सह्याद्रीत, कोकणात ओढ्याकाठी, उतारांवर विखुरलेला असतो. शेंगा तलवारीसारख्या लांबलचक, पानगळीनंतर झाडावर लटकलेल्या लांबून ओळखू येतात. आत कागदासारखे पातळ पंख असलेल्या बिया. फुलं पावसाळ्यात येतात, पानांच्याही वर उंच निघालेल्या जाड दांड्यावर. फूल मांसल, घंटेसारखं, बाहेरून काळपट जांभळं, आतून फिकट पिवळसर, आणि वास उग्र, नाक मुरडावं असा. एका तुऱ्यावर एका रात्री एखाद-दुसरंच फूल उमलतं, अंधार पडल्यावर, आणि उजाडायच्या आत गळून पडतं. दिवसाच्या मधमाशीला, फुलपाखराला या झाडाकडे यायचं निमंत्रणच नाही. थायलंडमध्ये टेटूच्या परागीभवनाचा अभ्यास झाला, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे हे काम खऱ्या अर्थानं करणारा पाहुणा कोण, तर इओनिक्टेरिस स्पेलिया.

हे वाचल्यापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. तिकडे टेटूला शेंगा इओनिक्टेरिसमुळे धरतात. आमच्याकडच्या टेटूलाही शेंगा धरतात, भरपूर धरतात. मग त्या कुणामुळे? सायनॉप्टेरस आणि रूसेटस यांनी मिळून हे काम उचललंय का? का जिची कुणी नोंदच केलेली नाही अशी इओनिक्टेरिसची एखादी वसाहत जवळच्या कुठल्या तरी घळीत आहे?

म्हणून मी पावसाळ्यात टेटू पाहायला जाते. घाटरस्त्यावर एक जागा अशी आहे की कठड्याशी उभं राहिलं तर खालच्या उतारावरच्या झाडाचा तुरा बरोबर डोळ्यांसमोर येतो, मान वर करायला लागत नाही. बॅटरीला लाल कागद, गळ्यात दुर्बीण, छत्री खांद्याला टेकवलेली. धुकं आलं की अर्धा तास काही दिसत नाही, ते विरलं की पुन्हा तुरा. वरच्या वाडीतले एक आजोबा म्हशी बांधून झाल्या की कधीमधी येऊन उभे राहतात. पहिल्यांदा म्हणाले, "बाई, या झाडाचं मूळ हवंय का? औषधाला नेतात लोक." मी म्हटलं, "नको हो, फुलावर कोण येतं ते बघतेय." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "वाघळं येतात. माझ्या लहानपणापासून येतात." कुठली वाघळं हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. पण येतात हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं.

फूल उमलताना मी जवळून पाहिलंय. कळीची टोकं हळूहळू मागं वळतात, आत पाच पुंकेसर, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा आखूड. मधोमध कुक्षी, दोन पातळ पाळ्यांची. त्या पाळ्यांना काडीनं अलगद स्पर्श केला की त्या डोळ्यांदेखत मिटतात, आलेला पराग आत धरून ठेवायला. आणि पाहुणा येतो तो इतक्या घाईत की पापणी लवली तर चुकतो. सावली झेपावते, तुरा खाली झुकतो, डोकं फुलात जातं, तुरा परत वर येतो. संपलं. पुंकेसर वरून लोंबतात ते वटवाघळाच्या टाळूवर, मानेवर घासतात. पुढच्या फुलात तेच डोकं शिरतं.

सकाळी झाडाखाली गळलेली फुलं गोळा करायची. त्यांच्या जाड पाकळीवर बाहेरच्या बाजूला पाहिलं तर काही फुलांवर बारीक ओरखडे सापडतात, कडेनं तपकिरी पडलेले. वटवाघळानं बसताना अंगठ्याच्या नखानं धरलं त्याची ती निशाणी. ज्या फुलावर ओरखडा नाही तिथं रात्री कुणी आलं नसावं. मी ही फुलं ओरखड्यांची आणि बिनओरखड्यांची अशी वेगळी लावून फोटो काढते. मात्र अंगठ्याला सगळ्याच वटवाघळांना नख असतं. पाहुणा आला होता हे कळतं, पाहुणा कोण हे ओरखडा सांगत नाही.

त्यासाठी फोटो. शेजारच्या झाडावर बांधलेल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं मला पुष्कळ चित्रं दिली. ज्या चित्रांत पंखाची पुढची कड स्पष्ट आहे त्या सगळ्यांत तर्जनीला नख आहे. नख नसलेलं बोट मला अजून दिसलेलं नाही. माझ्या वहीत तारीख, वेळ, पाऊस, किती फुलं उमलली, किती पाहुणे, आणि त्यापुढे 'सायनॉप्टेरस' किंवा 'ओळखता आलं नाही' असं लिहिलेलं असतं. कुणीच आलं नाही त्या रात्रीही लिहिलेल्या आहेत. मला या रिकाम्या रात्री नव्या नोंदीइतक्याच मोलाच्या वाटतात. उद्या कुणाला याच घाटात इओनिक्टेरिस सापडलं, तर ते आधीपासून होतं का नंतर आलं हे ठरवायला याच नोंदी लागतील. आज विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला आपल्याला खात्रीनं उत्तर देता येत नाही, कारण आधीच्या रिकाम्या रात्री कुणी लिहूनच ठेवलेल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ती अंतराची. मलेशियात स्टार्ट आणि मार्शल यांनी 1976 मध्ये दाखवलं की बाटू गुहांमधली ही वटवाघळं किनाऱ्यावरच्या खारफुटीतली चिपीची फुलं गाठायला 38 किलोमीटरपर्यंत जातात. एका रात्रीत जायचं, यायचं. म्हणजे टेटूच्या फुलावर उद्या ते दिसलं, तर आपण नकाशावर ठिपका देणार तो झाडाच्या जागी. राहण्याची गुहा कुठल्या कुठे असू शकते, तालुका सोडून, घाट उतरूनसुद्धा. महाराष्ट्रानं 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. तिचीही फुलं रात्रीच उमलतात आणि सकाळपर्यंत पुंकेसर गळून जातात. आपल्या खाडीकाठच्या चिपीवर रात्री कोण येतं हेही असंच चिकाटीनं पाहायला हवं. गुहा, घाटातला टेटू, खाडीतली चिपी, ही तिन्ही ठिकाणं एकाच प्राण्याच्या एका रात्रीत येऊ शकतात. यातलं एक तुटलं, समजा डोंगर खाणीसाठी फोडला, तर तिथून तीस किलोमीटरवरच्या झाडाला शेंगा का धरत नाहीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. टेटूवर मुळांसाठी आधीच कुऱ्हाड चालते आहे.

नमुन्यांचंही सांगायला हवं. अँगस हटन यांनी 1948 मध्ये तामिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक फळखाऊ वटवाघूळ पकडलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संग्रहात ते साध्या आखूड नाकाच्या वटवाघळाच्या नावानं पडून होतं. थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या यांनी ते नीट तपासलं आणि 1972 मध्ये नवी प्रजाती म्हणून, किंबहुना तिच्यासाठी एक अख्खा नवा जीनस, म्हणजे प्रजातींचा गट, करून त्याचं वर्णन केलं. तेच लॅटिडेन्स सलीमअलीआय. पुढे 1993 पर्यंत तो एकच नमुना जगाला माहीत होता. तो ओळखता आला कारण कातडी, कवटी आणि कुठे-कधी पकडलं याची चिठ्ठी चोवीस वर्षं कुणीतरी जपून ठेवली होती. मला खात्री वाटते की आपल्या संग्रहांत, जुन्या कॉलेजांच्या कपाटांत, रूसेटस म्हणून ठेवलेल्या एखाद्या बाटलीत नख नसलेलं बोट असू शकेल. ज्यांच्या हाताशी अशा बाटल्या आहेत त्यांनी एकदा भिंगाखाली तर्जनी बघावी.

बाकीच्यांना माझी विनंती साधी आहे. जून ते ऑगस्टमध्ये टेटू फुललेला दिसला तर एखादी संध्याकाळ त्याच्यासाठी ठेवा. फोटो मिळाला तर पंखाची पुढची कड येईल असा घ्या आणि तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा, नख दिसलं तरीही. सकाळी खाली पडलेली फुलं पाहा. वटवाघळाला हात लावू नका, जखमी पडलेलं असलं तरी वनखात्याला कळवा. गुहेत मात्र शिरू नका. पिल्लं अंगावर असताना माद्या बिथरल्या तर पिल्लं खाली पडून मरतात, आणि रेबीज, निपाह यांसारख्या रोगांमुळे आपल्यालाही तिथं जाण्यात धोका आहे. एखादी गुहा माहीत असेल तर तिची जागा उघडपणे कुठे टाकू नका, अभ्यासकांना खाजगीत सांगा. टेटूच्या झाडाची जागा मला कळवायला मात्र काहीच हरकत नाही. कुठल्या उतारावर आहे, शेंगा किती धरल्यात, शेजारी दुसरा टेटू आहे का, एवढं लिहिलंत तरी पुरे. पुढच्या पावसाळ्यात कुठल्या झाडाखाली उभं राहायचं हे मी त्यावरूनच ठरवणार आहे.